काम गेटच्या आतच मिटवून घरी यायचं कसं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ३६, कोल्हापूरजवळच्या गोकुळ शिरगावच्या एका फौंड्रीत (धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात) प्रॉडक्शन प्लॅनिंगचं काम, घर कोल्हापुरात, राजारामपुरीत. ड्यूटी सहाला सुटते, निघेपर्यंत सात वाजतात. घरी आल्यावर मोबाइलवर कंपनीचे चार ग्रुप चालूच. ताटावर बसलं तरी डोक्यात उद्याचं शेड्यूल. मुलगी शाळेतलं काही सांगत असते, ते अर्धं कानावरून जातं. रात्री दोनला जाग येते आणि डिस्पॅचचा हिशेब सुरू होतो. सुट्टीच्या दिवशी दुपारनंतर पोटात गोळा. मेडिटेशनचं ॲप लावून बघितलं, तर डोळे मिटले की कामच दिसतं. फोन बंद ठेवता येत नाही, कारण रात्रपाळीत भट्टी चालू असते. मग सुटायचं कसं?

आधी मेडिटेशनचं. ते जमलं नाही म्हणून मन कमकुवत आहे असं समजू नका. चुकला तो क्रम. कामाच्या दहा गाठी तशाच ठेवून डोळे मिटले तर त्या दहाच्या दहा डोळ्यांपुढं येणार. आधी गाठी बांधून ठेवायच्या, मग डोळे मिटायचे. आणि गाठी बांधायची जागा घर नव्हे, कंपनीतलं टेबल.

बर्लिनमध्ये ब्लूमा झायगार्निक या संशोधिकेनं १९२७ साली अर्धवट सोडलेल्या कामांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. अर्धवट काम जास्त लक्षात राहतं, हा तिचा निष्कर्ष पुढं सगळ्यांच्याच प्रयोगांत तसाच निघाला नाही. पण अर्धवट काम माणसाला पुन्हा आपल्याकडं ओढतं, ही गोष्ट टिकली. २०११ मध्ये मासिकॅम्पो आणि बाउमायस्टर या दोन मानसशास्त्रज्ञांनी त्यापुढचा भाग दाखवला आणि आपल्या कामाचा आहे तो हाच. मनातली टोचणी थांबायला काम पूर्ण व्हावं लागत नाही. ते कधी, कुठं, कसं करायचं हे नेमकं ठरलं तरी मन ते धरून ठेवायचं सोडतं. फौंड्रीत काम कधीच ‘पूर्ण’ होत नसतं, आजचं शेड्यूल संपलं की उद्याचं उभं. म्हणून पूर्ण होण्याची वाट बघणारा माणूस कधीच मोकळा होत नाही.

आणखी एक फरक लक्षात ठेवा. घरी कामाचा विचार येणं सरसकट वाईट नसतं. ‘कोअर (साच्यातला वाळूचा गाभा) तुटतोय तो बाइंडर, म्हणजे वाळू धरून ठेवणारा चिकटा, कमी पडतोय म्हणून, की ट्रॉलीवर चढवताना?’ असा विचार आंघोळ करताना आला आणि उत्तर सापडलं, तर त्यानं काही बिघडत नाही. झोप मोडते ती ‘साहेब उद्या सगळ्यांसमोर काय बोलतील’ या विचारानं. ओळखायची खूण सोपी आहे. दहा मिनिटांनी विचार पुढं सरकला का बघा. सरकला असेल तर चालू द्या. तिथंच घुटमळत असेल तर तो विचार नव्हे, चघळणं आहे आणि खालची सगळी खटपट त्याच्यासाठी आहे.

शेवटची वीस मिनिटं

निघायच्या आधीची वीस मिनिटं बाजूला काढा. सातला निघत असाल तर सहा चाळीसला सुरुवात, सातला नव्हे. मोबाइलवर सहा चाळीसचा गजर लावा, नाहीतर ही वीस मिनिटं रोज कुणीतरी खाऊन जाईल. लागतं काय? एक शंभर पानी वही आणि पेन. ॲप नको. ॲप फोनमध्ये असतं, फोन घरी येतो आणि त्याच्याबरोबर यादीही येते.

पहिली पाच मिनिटं गोळा करायची. मेल, चारही ग्रुप, फ्लोअरवर कुणी हातात दिलेली चिठ्ठी, शर्टाच्या खिशातला कागद, चालता चालता दिलेला ‘बघतो’ हा शब्द. सगळं वहीत एकेका ओळीत. या पाच मिनिटांत उत्तरं द्यायची नाहीत. एका मेलला उत्तर दिलं की त्याचं प्रत्युत्तर येतं आणि कामाचं चक्र पुन्हा सुरू होतं.

पुढची आठ मिनिटं सर्वांत महत्त्वाची. प्रत्येक ओळीपुढं पुढची एकच कृती लिहायची आणि त्यात क्रियापद, माणूस आणि वेळ असलीच पाहिजे. बहुतेकांचं इथंच चुकतं. ‘पॅटर्नचं (साच्याच्या नमुन्याचं) बघणे’ ही ओळ लिहूनही उघडीच राहते. ‘सकाळी ९:१५, पॅटर्न शॉपला फोन, कोअर बॉक्सची दुरुस्ती झाली का, नसेल तर दुसऱ्या पार्टचा मोल्ड आधी चढवणे’ ही ओळ बंद झाली. ‘रिजेक्शन (नापास मालाचं प्रमाण) वाढलंय’ ही ओळ नव्हे, तक्रार आहे. ‘सकाळी ९:४५, कालच्या हीटमधले (भट्टीच्या एका खेपेतले) ब्लो होलचे, म्हणजे हवेची पोकळी राहिलेले, पाच पीस क्वालिटीकडून टेबलावर मागवणे, सँडच्या ओलाव्याचा रिपोर्ट शेजारी ठेवणे’ असं लिहिलं की रात्री दोनला मनाला विचारायला काही उरत नाही.

काही गोष्टींवर तुमच्याकडं कृतीच नसते. ग्राहकाचा ऑडिट रिपोर्ट यायचाय, वरचा माणूस निर्णय घेणार आहे. अशा ओळीपुढं लिहा : ‘माझ्या हातात नाही. कळेल गुरुवारी. गुरुवारी ११ वाजता विचारणे.’ नुसतं ‘माझ्या हातात नाही’ लिहून भागत नाही, विचारायची तारीख हवीच. तारीख नसली की मन रोज विचारतं.

सात ओळींपेक्षा जास्त ओळी उद्याच्या पानावर नकोत. तीस झाल्या तर उरलेल्या तेवीसना आठवड्यातला वार द्या आणि त्या वाराच्या पानावर टाका. तीस ओळींची यादी बघून कुणाला मोकळं वाटत नाही, धडकीच भरते.

मग चार मिनिटं पाळी सोपवायची. ही बोलणी बोर्डापुढं उभं राहून करा; गेटवर, हेल्मेट घालता घालता नको. दुसऱ्या पाळीच्या इंचार्जला तीनच गोष्टी सांगायच्या : आता काय चालू आहे, कशात अडचण येऊ शकते, आली तर आधी काय करायचं. आणि त्याच्याकडून तिसरी गोष्ट परत वदवून घ्या. ‘हो हो, झालं’ म्हणणारा माणूस रात्री साडेदहाला फोन करतो.

राहिलेल्या तीन मिनिटांत उद्याचं पहिलं काम ठरवून त्याचा कागद टेबलावर वरच ठेवायचा, वही ड्रॉवरमध्ये, कॉम्प्युटर बंद. स्लीप मोडवर नव्हे, बंद. वही घरी आणायची नाही. गुजरीतला सराफ दुकान वाढवताना कुलूप लावतो, मग एकदा हिसका देऊन बघतो. तो हिसका चोरासाठी नसतो, स्वतःसाठी असतो. तसं काहीतरी एक ठरलेलं करा : ड्रॉवर लावून किल्ली खिशात टाकणं, किंवा ‘आजचं झालं’ असं पुटपुटणं. हसू येईल, येऊ द्या. रोज तेच केलं की काही आठवड्यांत त्या कृतीलाच अर्थ चिकटतो.

फोन बंद नाही, पण गाळून

रात्रपाळी चालू असलेल्या ठिकाणी ‘सातनंतर फोन नाही’ हे सांगणं भाबडेपणाचं आहे. फोन बंद ठेवला तर तुम्ही तो दर दहा मिनिटांनी मनात चालू कराल. त्यापेक्षा कुठल्या गोष्टीला फोन करायचा ते ठरवा. फौंड्रीसाठी ही यादी तीनच ओळींची होते : कुणाला इजा झाली; भट्टी किंवा लाइन बंद पडली आणि इंचार्जच्या हातात उपाय नाही; सकाळच्या आत निर्णय झाला नाही तर ग्राहकाची लाइन थांबेल. बाकी सगळं पाळीच्या लॉगबुकात लिहायचं. ही यादी छापून इंचार्जच्या टेबलावर चिकटवा. तोंडी सांगितलेली यादी तीन दिवस टिकते.

आता सेटिंग. अँड्रॉइडवर ‘डू नॉट डिस्टर्ब’ संध्याकाळी साडेसात ते सकाळी सातपर्यंत आपोआप लागेल असं ठेवा. त्यात कॉलची परवानगी फक्त तारांकित नंबरांना द्या : घरचे, दोन्ही शिफ्ट इंचार्ज, साहेब. शिवाय ‘रिपीट कॉलर’ चालू ठेवा, म्हणजे एकाच नंबरावरून १५ मिनिटांत दुसऱ्यांदा फोन आला तर तो वाजतो. आयफोनवर हीच सोय आहे, पण तिथं दुसरा फोन तीन मिनिटांच्या आत यावा लागतो. ही गोष्ट पाळीवरच्या सगळ्यांना सांगा : ‘खरंच अडलं असेल तर लागोपाठ दोनदा लावा.’ एवढ्यानं सहज म्हणून केलेले फोन गळून जातात, कारण सहज कुणी दोनदा लावत नाही.

व्हॉट्सॲपचे ग्रुप नुसते म्यूट करू नका. म्यूट केलेला ग्रुप यादीत वरच येत राहतो, नजर पडते, बोट जातं. ते अर्काइव्ह करा आणि चॅट सेटिंगमध्ये ‘अर्काइव्ह ठेवा’ हा पर्याय चालू करा, म्हणजे नवा मेसेज आला तरी ग्रुप वर उसळत नाही. तुमचं नाव घेऊन कुणी टॅग केलं किंवा तुमच्या मेसेजला उत्तर दिलं तर सूचना येते, तेवढी पुरे. एक अडचण माहीत असू द्या : ब्लू टिक बंद केल्या तरी ग्रुपमध्ये कुणी वाचलं ते दिसतंच. म्हणजे उघडून बघायचं आणि उत्तर द्यायचं नाही, ही चोरी तिथं चालत नाही. न उघडणं हाच उपाय.

अजिबात न बघता राहवत नसेल तर एक ठरलेली वेळ घ्या. साडेआठ, पाच मिनिटं, उभं राहून, जेवणाच्या आधी. झोपायच्या आधी नव्हे. रात्री साडेदहाला बघितलेल्या मेसेजवर काही करता येत नाही, तो फक्त उशाशी घेऊन झोपता येतो.

दुकानदार, डॉक्टर, क्लासवाले, म्हणजे ज्यांचा ग्राहकच रात्री मेसेज करतो, त्यांनी व्हॉट्सॲप बिझनेसवर वेळेबाहेरचा आपोआप जाणारा निरोप लावावा. ‘निरोप मिळाला. सकाळी १० नंतर उत्तर देतो. तातडी असल्यास फोन करा.’ इतकंच. माफी मागू नये, कारण देऊ नये.

साहेबांशी बोलणं

‘मी घरी गेल्यावर उत्तर देणार नाही’ असं वाक्य कोल्हापुरात काय, कुठंच चालत नाही. फ्रान्समध्ये २०१७ पासून कामाबाहेरच्या वेळेत संपर्काबाहेर राहण्याच्या हक्काची कायद्यात तरतूद आहे. आपल्याकडं २०१८ मध्ये सुप्रिया सुळे यांनी लोकसभेत तसं खासगी विधेयक मांडलं, पण त्याचा कायदा झाला नाही. तेव्हा हक्काच्या भाषेत न बोलता सोयीच्या भाषेत बोला. ‘सर, रात्री ग्रुपवर मेसेज पडला तर कधी दिसतो, कधी राहून जातो. तातडीचं असेल तर थेट फोन करा, मी उचलणारच. बाकीचं साडेआठला एकदा बघतो आणि सकाळी नऊला उत्तर देतो. पंधरा दिवस असं करून बघूया का?’ यात नकार नाही, भरवसा आहे. पंधरा दिवसांची मुदत महत्त्वाची, कारण तात्पुरत्या गोष्टीला माणसं चटकन हो म्हणतात आणि अडलं नाही की ती तशीच चालू राहते. मात्र त्या पंधरा दिवसांत एकही फोन चुकवू नका आणि नऊचं उत्तर नऊलाच द्या. इथं ढिलाई झाली तर पुढच्या वेळी कुणी ऐकणार नाही.

रस्त्यातली पंधरा मिनिटं

गोकुळ शिरगाव ते राजारामपुरी हे अंतर फार नाही. हायवेवरून उजळाईवाडी, मग विद्यापीठाचा रस्ता. मन एवढ्यात उतरत नाही, कारण गाडी चालवताना ते शेवटच्या संभाषणातच असतं. म्हणून मध्ये एकदा थांबा. विद्यापीठाच्या रस्त्याला झाडं आहेत, तिथं गाडी बाजूला लावा, हेल्मेट काढा, दहा मिनिटं चालून या. फोन डिकीत. इअरफोनवर कॉल घेत चालणं म्हणजे थांबणं नव्हे.

सगळ्यांत नेहमीची चूक म्हणजे गेटबाहेरच्या टपरीवर चहा. चहा नडत नाही, सोबत नडते. तीच माणसं, तेच रिजेक्शन, फक्त आता जास्त मोकळ्या शब्दांत. अर्ध्या तासानं निघताना डोकं आतल्यापेक्षा तापलेलं असतं. मित्र म्हणून थांबायचं असेल तर कंपनीचा विषय काढणाऱ्यानं सगळ्यांचे पैसे द्यायचे, हा नियम लावा. कोल्हापुरात हा उपदेशापेक्षा लवकर लागू पडतो.

घरी आल्यावर आधी कपडे आणि आंघोळ. फौंड्रीतल्या माणसाला वाळूच्या धुळीमुळं ती करावीच लागते, पण ऑफिसवाल्यानंही करावी. अंगावर कंपनीचा टी-शर्ट आणि गळ्यात आयकार्ड असेपर्यंत शरीर ड्यूटीवरच असतं. रात्री झोप लागायला त्रास होत असेल तर गरम पाण्याची आंघोळ झोपेच्या तास-दीड तास आधी करा. त्यानंतर शरीराचं आतलं तापमान उतरत जातं आणि त्या उतारावर झोप लवकर येते. अगदी झोपताना केली तर उलट होतं.

घरात

घरच्यांशी एक करार करा. आल्यापासून वीस मिनिटं कुणी हिशेब, दुरुस्ती, शाळेची फी असे विषय काढायचे नाहीत आणि त्या बदल्यात तुम्ही फोन हातात घ्यायचा नाही. त्यानंतर कामाबद्दल बोलायला दहा मिनिटं खुशाल घ्या. ‘घरी कामाचं बोलायचंच नाही’ हा नियम कानाला बरा वाटतो, पण दाबलेलं जेवताना बाहेर येतं. दहा मिनिटं बोला आणि शेवट एखाद्या बऱ्या गोष्टीवर करा, म्हणजे आज काय जमलं त्यावर. नुसतं गाऱ्हाणं घोळत बसलं की दोघांचीही संध्याकाळ जाते.

पत्नीही नोकरी करत असतील तर या करारात एक अट घाला. त्यांनाही तशीच वीस मिनिटं मिळाली पाहिजेत आणि ती गॅसपुढं उभं राहून मिळत नाहीत. एक दिवस कणीक तुम्ही मळा, एक दिवस भाजी तुम्ही टाका, किंवा ठरवून दोन रात्री डबा बाहेरून आणा. बायकांना काम डोक्यातून काढता येत नाही याचं कारण अनेकदा एवढंच असतं की त्यांचं दुसरं काम तेव्हा सुरू होतं. त्यावर श्वासाचे व्यायाम सांगणं हा विनोद आहे.

घरून काम करणाऱ्यांना गेटच नसतं, म्हणून ते तयार करावं लागतं. वेगळी खोली नसली तरी चालेल. काम संपलं की लॅपटॉप, चार्जर, माउस बॅगेत, बॅगेची चेन बंद, बॅग कपाटात. टेबलावर उघडा लॅपटॉप ठेवून ‘झालं माझं’ म्हटलं तर ते खरं नसतं. मग चप्पल घालून कोपऱ्यापर्यंत जाऊन या. ऑफिसातून घरी आलात असं समजा.

मन भरायचं कशानं

कामानं सोडलेली जागा रिकामी राहत नाही. ती भरली नाही तर काम परत येऊन बसतं. ‘नुसतं पडून राहतो’ म्हणणारे म्हणूनच फसतात. २००७ मध्ये जर्मन संशोधिका झाबिने झोनेनटाग आणि शार्लोट फ्रिट्झ यांनी कामाबाहेरच्या विश्रांतीचे चार भाग मांडले : कामापासून मन सुटणं, अंग-मन सैल होणं, काहीतरी शिकण्यात-जमण्यात रमणं, आणि आपला वेळ आपल्या मर्जीनं घालवणं. आपण विश्रांती म्हणजे फक्त दुसरा भाग समजतो. थकलेल्या माणसालाही तिसऱ्याचा आधार होतो, हे पटायला वेळ लागतो.

रील्स का चालत नाहीत? वीस सेकंदांची गोष्ट मनाला धरून ठेवत नाही. प्रत्येक दोन रील्सच्या फटीतून काम डोकावतं आणि फोन तर हातातच असतो. त्यापेक्षा दीड तासाचा सिनेमा बरा, तोही टीव्हीवर आणि फोन दुसऱ्या खोलीत ठेवून. पण सर्वांत चांगलं ते, ज्यात हात किंवा पाय गुंततात आणि चुकलं तर लगेच कळतं. तबला, हार्मोनियम, बुद्धिबळ, कॅरम, बॅडमिंटन, भजनी मंडळातला टाळ, पोहणं. कोल्हापूरला याची वानवा नाही. संगीत शिकायला देवल क्लब आहे. १८५० पासूनचं करवीर नगर वाचन मंदिर आहे. पेठांत तालमी आहेत आणि तिथं नुसतं जोर-बैठका मारायला जाणाऱ्या नोकरदारांना कुणी नावं ठेवत नाही. हंगाम असेल तर शाहू स्टेडियमवरचा फुटबॉल सामना. पेठेचा संघ एका गोलनं मागं असताना कुणाला शेड्यूल आठवून दाखवा.

दिवसभर फ्लोअरवर उभं राहणाऱ्यानं संध्याकाळी डोकं गुंतेल पण पायांना ताण नसेल असं काही निवडावं. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्यानं घाम काढावा. तुमचं काम दोन्हीच्या मधलं आहे, म्हणून आठवड्यातून दोन दिवस घामाचं आणि दोन दिवस हाताचं असं करून बघा. दमवणारा व्यायाम झोपेच्या किमान तासभर आधी संपवा. रोज काहीतरी करायचा अट्टहास नको. आठवड्याला चार संध्याकाळी, प्रत्येकी ४० मिनिटं, भरपूर झाल्या. वार आणि वेळ आधी ठरवा, आणि शक्य असेल तर सोबत कुणीतरी घ्या. ‘आज जाऊ का नको’ हा प्रश्न सात वाजता विचारला की उत्तर नेहमी ‘नको’ असतं.

रंकाळ्यावर फिरणं छानच, पण दोघंजण चालत कंपनीचंच बोलत असाल तर ती मीटिंग आहे, हवा तेवढी चांगली.

दारूबद्दल दोन ओळी. झोप लवकर लागते हे खरं, पण रात्रीच्या उत्तरार्धात ती वारंवार मोडते. दोनला येणारी जाग त्यातली नाही ना, हे प्रामाणिकपणे बघा. चहाबद्दल एक : कॅफिन अर्धं व्हायला साधारण पाच तास लागतात. साडेदहाला झोपायचं असेल तर शेवटचा चहा चारचा. सहाचा आणि जेवणानंतरचा चहा सोडा आणि ओठांना काहीतरी लागतंच असेल तर गंगावेशीला दूध प्या.

रात्री दोन वाजता

झोपायच्या आधी पाच मिनिटं कागदावर उद्याची कामं लिहिणाऱ्यांना, झालेली कामं लिहिणाऱ्यांपेक्षा सरासरी ९ मिनिटं लवकर झोप लागली, असं २०१८ च्या एका प्रयोगात दिसलं. आणि यादी जितकी नेमकी, तितकी झोप लवकर. संध्याकाळची वही नीट झाली असेल तर याची गरज पडत नाही. तरी उशाशी एक चिठ्ठी आणि पेन्सिल ठेवा. जाग आली आणि काही सुचलं तर एक ओळ लिहा, चिठ्ठी सकाळच्या शर्टाच्या खिशात. फोनमध्ये लिहू नका, पडदा उजळला की ग्रुप दिसतात.

घड्याळ बघू नका. अंदाजे वीस मिनिटांत झोप आली नाही असं वाटलं तर अंथरुणातून उठा, दुसऱ्या खोलीत मंद उजेडात काही कंटाळवाणं वाचा आणि डोळे जड झाले की परत या. अंथरुणात तळमळत राहिलं तर शरीर अंथरुणाला तळमळीची जागा समजायला लागतं. सकाळी मात्र नेहमीच्याच वेळी उठायचं, झोप कमी झाली म्हणून नऊपर्यंत लोळायचं नाही.

श्वास : नाकानं चार सेकंद आत, सहा सेकंद बाहेर, म्हणजे मिनिटाला सहा. पाच ते दहा मिनिटं. छाती भरून मोठे श्वास घ्यायचे नाहीत, हळू घ्यायचे. मोठे घेतले की चक्कर येते, बोटांना मुंग्या येतात आणि माणूस घाबरतो. जबडा, मान आवळलेली असेल तर स्नायू ताणून सोडायची पद्धत वापरा : पायाच्या पंज्यापासून वर, प्रत्येक भाग पाच सेकंद घट्ट, मग वीस सेकंद सैल. पोटरीला पूर्ण जोर लावला तर गोळा येतो, तिथं अर्धाच जोर. दुखरा गुडघा किंवा कंबर असेल तर तो भाग सोडून द्या.

सुट्टीचा दिवस

सुट्टीच्या दुपारचा पोटातला गोळा बहुधा दुसऱ्या दिवसाचं चित्र धूसर असल्यामुळं येतो. आठवड्याच्या शेवटच्या दिवशी वीसऐवजी चाळीस मिनिटं घ्या आणि सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवसाचे पहिले दोन तास पूर्ण लिहून या. त्या सकाळी दहाच्या आत मीटिंग ठेवू नका, तुमच्या हातात असेल तर. सुट्टीत काम करावंच लागलं तर सकाळी लवकर, अर्धा तास, घड्याळ लावून. संध्याकाळी केलं तर ते पुढच्या दिवसात मिसळतं आणि सुट्टी अर्धीच उरते. आणि सुट्टीच्या संध्याकाळी काहीतरी ठरलेलं असू द्या, छोटंसं : पाहुण्यांकडं जाणं, मुलीला घेऊन टाउन हॉलच्या बागेत. रिकामी संध्याकाळ गोळ्याला बोलावते.

एक स्पष्ट सांगितलं पाहिजे. रोज बारा तास काम आणि दोन माणसांचा बोजा असेल, तर वहीनं तो हलका होणार नाही. तेव्हा तीन आठवड्यांची वही पुरावा म्हणून वापरा : रोज किती ओळी आल्या, किती पुढं ढकलल्या, रात्री किती फोन आले आणि त्यातले किती यादीतले होते. आकडे घेऊन गेलात तर माणूस वाढवून मागता येतो, ‘फार ताण आहे’ म्हणून मागता येत नाही. आणि दोन आठवड्यांहून जास्त काळ कशातच रस नाही, झोप-भूक उडाली, छातीत धडधड, जगण्याचाच कंटाळा असं काही असेल तर हे सगळं बाजूला ठेवून डॉक्टरकडं जा. ‘टेली मानस’ ही सरकारी सेवा १४४१६ वर चोवीस तास मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

सुरुवात सगळं एकदम करून करू नका. पहिला आठवडा फक्त वीस मिनिटांची वही. दुसऱ्यात फोनची सेटिंग आणि साहेबांशी बोलणं. तिसऱ्यात रस्त्यातलं थांबणं आणि संध्याकाळचा एक वार. रोज सकाळी वहीच्या कोपऱ्यात एक आकडा लिहा : काल रात्री काम चघळलं किती? ० म्हणजे नाही, ३ म्हणजे झोप मोडली. पहिल्या चार-पाच दिवसांत आकडा वाढलेला दिसेल, कारण आता तुमचं लक्ष तिकडं आहे. दुसऱ्या आठवड्यात उतरायला लागतो.

आणि महिनाअखेर येईल. २८ ते ३१ तारखेला डिस्पॅचच्या घाईत वीस मिनिटं मिळणार नाहीत, हे आजच गृहीत धरा. त्या चार दिवसांसाठी वेगळं माप ठेवा : पाच मिनिटं, तीन ओळी, बोर्डापुढं एक मिनिट, ड्रॉवरची किल्ली. रस्त्यातलं थांबणं सोडलं तरी चालेल, टपरी मात्र टाळा. १ तारखेला सहा चाळीसचा गजर पुन्हा लावा.